पोरांना शिकारीला नेताना: विस्कॉन्सिनमधल्या मराठी आई-बाबांचे नेहमीचे प्रश्न

दर वर्षी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात, जेवणाच्या रांगेत, कुणीतरी मला बाजूला घेतं. पोरगं शाळेतून येऊन म्हणालेलं असतं, "बाबा, वर्गातले सगळे डिअर हंटिंगला जाणार आहेत. मी जाऊ?" थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या, आधीच्या शनिवारी इथे बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो आणि लहान गावांत त्या आठवड्यात दुसरा विषयच नसतो. आमची मुळं सातारा जिल्ह्यातली, घरात कुणी कधी बंदूक हातात धरलेली नव्हती. मला हे सगळं शिकवलं ते आमच्या शेजारच्या शेतकरी आजोबांनी, माझ्या वयाच्या अडतिसाव्या वर्षी. नंतर मी माझ्या दोन्ही मुलांना नेलं. एकाच्या बाबतीत बरं जमलं, दुसऱ्याच्या बाबतीत आधी चुकलो.

तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून इथे लिहून ठेवतोय. हे सगळं अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याबद्दल आणि मुख्यतः व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाबद्दल आहे. राज्य बदललं की नियम बदलतात. आणि इथलेही बदलत असतात, म्हणून डीएनआरची, म्हणजे राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाची, त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचल्याशिवाय निघू नका.

आपल्याकडे शिकार गुन्हा आहे. इथे ती चांगली, हे मुलाला कोणत्या तोंडाने सांगायचं?

हा प्रश्न पहिला घेतला, कारण मलाही तो बरीच वर्षं सुटला नव्हता. मुलं सुट्टीत ताडोब्याला जाऊन आलेली असतात, "वाघ वाचवा"चं चित्र काढलेलं असतं, आणि इथे आल्यावर बाप म्हणतो चल हरीण मारू.

दोन्हीकडची खरी गोष्ट सांगा, म्हणजे पोरांना ती कळते. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला. त्या वर्षीच्या गणनेत देशभरात १,८२७ वाघ भरले होते. राजेरजवाडे, साहेब आणि नंतरचे हौशी बंदूकवाले यांनी शंभर वर्षांत जंगलं रिकामी केली होती, शिकार थांबवण्याशिवाय मार्ग नव्हता. विस्कॉन्सिननेही हेच पाहिलंय. इथे प्रवासी कबुतरांचे थवे सूर्य झाकायचे. १८९९ मध्ये बॅबकॉक गावाजवळ त्या जातीचं राज्यातलं शेवटचं जंगली कबूतर मारलं गेलं. एल्क, म्हणजे हरणाचे थोराड भाऊबंद, संपले. लांडग्याला मारलं की सरकार बक्षीस द्यायचं, ते १९५७ साली बंद झालं, तोवर लांडगे जवळपास नाहीसे झाले होते. पुढे मिनेसोटाकडून ते पुन्हा आले.

मग इथल्यांनी शिकार बंद करण्याऐवजी ती मोजून करायचं ठरवलं. कुठल्या तालुक्यात किती माद्या मारायच्या हे दर वर्षी ठरतं, प्रत्येक मारलेल्या हरणाची नोंद होते. रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय कर आहे आणि १९३७ च्या कायद्याने तो पैसा राज्यांच्या वन्यजीव विभागांकडे जातो. आज या राज्यात हरणं दहा लाखांच्या वर आहेत. त्यांना आवरणारे मोठे शिकारी प्राणी बऱ्याच भागांत उरलेले नाहीत, आणि हरणं वाढली की जंगलातली कोवळी रोपं वर येत नाहीत. हे मी मुलीला नकाशा काढून समजावलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे आपण लांडग्याचं काम करतोय." मी हो म्हणालो. पण तिला हेही सांगितलं की लांडगा आजारी आणि म्हातारं हरीण निवडतो, आपण तसं निवडत नाही, म्हणून आपण लांडग्याइतके चांगले नाही.

किती वयापासून नेता येतं?

कायद्याने बघाल तर २०१७ पासून मेंटॉरसोबतच्या, म्हणजे शिकवणाऱ्या मोठ्या माणसासोबतच्या, शिकारीला इथे किमान वयाची अटच नाही. मेंटॉर निदान १८ वर्षांचा हवा आणि मूल त्याच्या हाताच्या अंतरात हवं. परवाना मुलाचाही लागतो. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही एकट्याने परवाना घ्यायचा तर हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. आपण आई-बाप बहुतेक सगळे त्यात येतो. कोर्स केलेल्या १२-१३ वर्षांच्या मुलाबरोबर मोठं माणूस लागतं, १४ पासून ते एकटं जाऊ शकतं.

माझं मत विचाराल तर कायद्याला अट नसली तरी घराला असावी. सोबत बसायला सातव्या-आठव्या वर्षापासून न्या, बंदूक न देता. नेम धरायला दहाच्या आत नको. आणि वयापेक्षा एक गोष्ट पाहा: "थांब" म्हटल्यावर मूल त्या क्षणी थांबतं का? रस्ता ओलांडताना, गॅसजवळ, सायकलवर. थांबत नसेल तर एक वर्ष जाऊ द्या.

तुम्हीही मुलासोबत त्याच वर्गात बसा. मी आणि मुलगी एका बाकावर होतो, परीक्षेत तिचे मार्क जास्त होते, आणि त्यानंतर रानात तिने माझी चूक दाखवली की मला ऐकावं लागायचं. सुरक्षिततेसाठी याहून चांगली व्यवस्था मला माहीत नाही.

मी एच-वन-बी वर आहे. मला बंदूक चालते का?

हे नीट वाचा, कारण इथे चूक झाली तर व्हिसाच काय, तुरुंगापर्यंत जातं. केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट (तात्पुरत्या) व्हिसावरच्या माणसाला, म्हणजे एच-वन-बी, एफ-वन वगैरे, बंदूक किंवा काडतुसं बाळगायला बंदी आहे. त्याला एक अपवाद आहे तो शिकारीच्या परवान्याचा. अमेरिकेतल्या राज्याने कायदेशीरपणे दिलेला, चालू मुदतीचा शिकार परवाना तुमच्याकडे असेल तर ती बंदी लागू होत नाही. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला, मग कपाटात पडलेली रायफलसुद्धा गुन्हा ठरू शकते. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही.

हा कागद तुमचा आहे, माझा नाही. बंदुकीला हात लावण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला फोन करा. शंका राहिली तर तुम्ही नुसते सोबत बसा आणि मेंटॉर शेजाऱ्यांना होऊ द्या. मी पहिली दोन वर्षं तेच केलं.

बंदुकीची ओळख कशी करून द्यायची?

जंगलाच्या किती तरी आधी, आणि आवाजाशिवाय. आमच्याकडे पहिला महिना रिकामी रायफल जेवणाच्या टेबलावर, बोल्ट (काडतूस आत ढकलणारा भाग) काढून. कोर्समध्ये चार नियम पाठ करून घेतात. त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना टॅब-के म्हणतात. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची. नळीचं तोंड कायम सुरक्षित दिशेला ठेवायचं. आपण कशावर नेम धरतोय आणि त्याच्या पलीकडे काय आहे याची पक्की खात्री करायची. झाडायची वेळ येईपर्यंत बोट चापाच्या कड्याबाहेर ठेवायचं. आम्ही हे मराठीत म्हणायचो, मुलगा अजून मराठीतच म्हणतो.

मग एअर गन, मग छोट्या काडतुसाची .२२ रायफल, आणि हरणासाठी .२४३ सारखं कमी धक्क्याचं काडतूस, लहान दस्त्याच्या रायफलीतून. मोठ्यांची रायफल देऊन "खांदा घट्ट धर" म्हणणारे बाप मी पाहिलेत. एकदा खांद्याला मार बसला की मूल चाप ओढताना डोळे मिटतं, आणि ती सवय जायला वर्षं लागतात. सवय लागलीय का हे कळायला मी सरावात मधेच एखादं खोटं काडतूस भरायचो. धक्का बसणारच नसतो, तरी नळी हलली तर समजायचं की मूल भ्यायलंय. त्या दिवशी बंदूक गुंडाळून ठेवायची आणि आइस्क्रीम खायला जायचं.

कानांवर पांघरूण हवंच, सरावातही आणि रानातही. १४० डेसिबलच्या पुढे एका आवाजानेही कान कायमचा बिघडू शकतो आणि रायफल त्याच्या वर जाते. इलेक्ट्रॉनिक इअरमफ घ्या. त्यांतून तुमची कुजबुज ऐकू येते आणि बार तेवढा दाबला जातो. घरी बंदूक आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपांत, आणि किल्ली मुलांना माहीत नसलेल्या जागी.

पहिल्या दिवशी काय चुकतं?

मी काय चुकलो ते सांगतो. मुलगा नऊ वर्षांचा, पहिलाच शनिवार, पहाटे पाचला घरातून निघालो. मी पाच तास बसलो होतो, कारण मला वाटत होतं आता येईल, आता येईल. त्याने साडेसातलाच सांगितलं होतं की पाय दुखतायत. मी म्हणालो, "अजून थोडं." नऊला तो रडायला लागला आणि मी दबक्या आवाजात त्याच्यावर चिडलो, हरीण पळेल म्हणून. घरी आल्यावर त्याचे बूट काढले तेव्हा बोटं पांढरी पडलेली होती. पुढचं सबंध वर्ष त्याने शिकारीचं नाव काढलं नाही, आणि मी विचारायची हिंमत केली नाही.

म्हणून आता सगळ्यांना सांगतो, पहिल्या वर्षी घरी कधी जायचं हे मूल ठरवेल, तुम्ही नाही. चाळीस मिनिटांत म्हणालं "चला", तर उठायचं, हसत उठायचं. शंभर पावलांवर मोठा नर उभा असेल तरी. शक्यतो सुरुवात नोव्हेंबरात करूच नका. ऑक्टोबरच्या सुरुवातीला १५ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी दोन दिवसांची खास शिकार असते. तेव्हा झाडांवर रंगीत पानं असतात, थंडी सोसवते, आणि रानात गर्दी नसते.

चार तास गप्प कसं बसवायचं?

बसवायचं नाही. शिकारीतला नव्याण्णव टक्के वेळ वाट बघण्यात जातो, आणि मुलाला वाट बघणं आवडत नाही, पण शोधणं फार आवडतं. त्याला खरं काम द्या, खोटं नव्हे. पोरांना खोटं काम लगेच ओळखू येतं.

वाऱ्याचं खातं माझ्या मुलीकडे होतं. बाटलीतली टाल्कम पावडर हवेत सोडायची आणि कुठे जाते ते बघायचं. हरीण नाकावर जगतं, आपला वास त्याच्याकडे गेला की खेळ संपला. कुठल्या बाजूने रानात शिरायचं हे ती ठरवायची आणि मी ऐकायचो. एकदा तिने मला अर्धा मैल वळसा घालायला लावला, आणि तिचंच बरोबर होतं.

आदल्या दिवशी उजेडात माग शिकवा. खुरांचे ठसे, लेंड्या ताज्या की वाळलेल्या, नराने शिंगं घासून सोललेलं झाड, पायाने माती उकरून केलेला चट्टा. ज्यांचे आजोबा गावी शेतात राहिलेत त्यांना हे समजावणं सोपं जातं. चिखलातल्या ठशावरून डुक्कर की भेकर हे सांगणारा माणूस आपल्यापैकी बऱ्याच जणांनी लहानपणी पाहिलेला असतो. मग पहाटे मचाणाजवळ बसल्यावर मुलाला त्या चट्ट्याकडे टक लावून बघण्यात अर्थ वाटतो.

दुर्बीण मुलाच्या गळ्यात असू द्या. संपूर्ण हरीण शोधू नको, कान शोध, शेपटी शोध, उभ्या झाडांत एक आडवी रेघ शोध, असं सांगा. रानात आडवी रेघ म्हणजे बहुधा पाठ असते. वहीत लिहायला सांगा: किती वाजता उजाडलं, पहिला पक्षी कोणता ओरडला, किती खारी दिसल्या. वाळक्या पानांत खार हरणापेक्षा जास्त आवाज करते हे मुलाला पहिल्याच दिवशी कळतं आणि ते त्याला मोठं गुपित वाटतं.

पुस्तक चालतं. झोप चालते. माझा मुलगा माझ्या मांडीवर डोकं ठेवून तासभर झोपायचा, आणि त्या तासाइतका मी आयुष्यात कधी स्वस्थ बसलेलो नाही. फोनवर गेम मात्र नाही. पडद्यावरून नजर उचलल्यावर पोराला रान दिसायला पंधरा मिनिटं लागतात.

कपडे आणि खाऊ?

बूट एक नंबर मोठे, आत लोकरीचे मोजे, आणि घाम आला की बदलायला कोरडे मोजे पिशवीत. बंदुकीच्या हंगामात कमरेच्या वरचे निदान निम्मे बाहेरचे कपडे भडक नारिंगी लागतात. २०१६ पासून भडक गुलाबीही चालतो. टोपी घातली तर तीही निम्मी तशीच. सोबत आलेल्या, बंदूक नसलेल्या मुलालाही पूर्ण नारिंगी घाला. हरणाला नारिंगी आपल्यासारखा दिसत नाही, माणसाला दिसतो, आणि तेच हवंय.

खाऊ भरपूर न्या. चकलीचा आवाज होतो. बेसनाचा लाडू उत्तम, गार पडला तरी चालतो. थर्मासमध्ये आलं घातलेलं दूध. आमच्याकडे आता लाडू म्हटलं की दिवाळीआधी शिकार आठवते.

उंच मचाण बरं की जमिनीवरचा तंबू?

मुलासोबत जमिनीवरचा कापडी ब्लाइंड, दुसरा विचार नको. झाडावरच्या स्टँडवरून पडणं हे इथल्या शिकाऱ्यांना होणाऱ्या इजांचं मोठं कारण आहे. ब्लाइंडमध्ये मूल चुळबुळ करू शकतं, खुर्ची असते, छोटा हीटर लावला तर खिडकी उघडी ठेवून. मोठं झाल्यावर वर चढायचं असेल तर अंगभर पट्ट्यांचा हार्नेस, जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत टेकेपर्यंत. भरलेली बंदूक घेऊन चढायचं नाही, ती नंतर दोरीने रिकामी वर घ्यायची.

नेम कुठे आणि किती अंतरावर?

हरीण पूर्ण आडवं उभं, पुढच्या पायाच्या मागच्या कडेने सरळ वर या, शरीराच्या खालच्या तिसऱ्या हिश्शावर थांबा. तिथे हृदय आणि फुप्फुसं आहेत. तोंडाकडून नाही, पार्श्वभागाकडून नाही, पळताना कधीच नाही. आमच्या घरात मुलांसाठी मर्यादा ७५ यार्ड, तीही रायफल काठ्यांच्या तिवईवर टेकवून. मूल सरावात ज्या अंतरावर दहापैकी दहा वेळा जेवणाच्या ताटलीत गोळी बसवतं, तेच त्याचं अंतर.

आणि नेम धरलेल्या मुलाच्या कानात "मार, मार, मार" म्हणू नका. "तुला वाटलं तर" इतकंच म्हणा.

गोळी नीट बसली नाही तर?

मूल आणि तुम्ही दोघांची खरी परीक्षा इथे आहे. हरीण पडलं नाही तर जागेवरून हलू नका. कुठे उभं होतं, कोणत्या झाडापाशी दिसेनासं झालं, मुलाला मोठ्याने सांगायला लावा. अर्धा तास बसा. मग रक्त बघा. फेसाळ गुलाबी असेल तर फुप्फुस, जवळच मिळेल. काळपट लाल असेल तर यकृत, आणखी थांबा. हिरवट घाण आणि वास असेल तर पोटात लागलीय, कित्येक तास थांबावं लागतं. लगेच मागे गेलात तर ते उठून लांब जाऊन मरेल आणि सापडणार नाही.

माग काढायला मुलाला पुढे ठेवा. ते जमिनीच्या जवळ असतं, त्याची नजर तीक्ष्ण असते. प्रत्येक थेंबावर टिश्यूचा तुकडा ठेवत जायचा, म्हणजे मागे वळल्यावर दिशा दिसते. माझ्या मुलीची गोळी तिच्या दुसऱ्या हरणाला जरा मागे बसली. आम्ही दुपारपासून रात्री नऊपर्यंत टॉर्च घेऊन शोधत होतो. सापडलं. सापडलं नसतं तर दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून शोधलं असतं, हे तिला मी आधीच सांगितलं होतं. चाप ओढला की ते हरीण आपलं झालं, मिळेपर्यंत.

मारल्यावर मूल रडलं तर?

रडू द्या. माझी मुलगी पहिल्या हरणापाशी गुडघ्यावर बसून वीस मिनिटं रडली आणि मी तिच्या बाजूला बसून राहिलो. "शाब्बास", "रडतेस काय", "मोठी झालीस" यातलं काही म्हणालो नाही. नंतर तिने त्या मादीच्या मानेवरून हात फिरवला आणि विचारलं, "हिला पाडस असेल का?" मी सांगितलं की असेल, नोव्हेंबरात ते स्वतः चरू शकतं, पण असेल. खोटं बोललो असतो तर पुढच्या वर्षी ती आली नसती.

मला काळजी वाटते ती रडणाऱ्या मुलाची नाही. मेलेल्या जनावरावर पाय ठेवून हसणाऱ्या मुलाशी घरी गेल्यावर शांतपणे बोलायला लागतं.

मुलाला यायचंय, पण मारायचं नाही. मग?

मग तसंच. माझा मुलगा आज सोळा वर्षांचा आहे, दर वर्षी येतो, अजून एकही हरीण मारलेलं नाही. दोनदा नेम धरला आणि रायफल खाली ठेवली. त्या वर्षभराच्या अबोल्यानंतर तो परत आला तो माग काढण्याच्या वेडापायी, बंदुकीपायी नाही. आमच्या गटात रक्ताचा माग त्याच्याइतका कुणाला दिसत नाही, शेजारचे आजोबा त्यालाच बोलावतात. त्याला "अजून नाही का मारलंस?" असं आमच्यातल्याच कुणी विचारलं की मला फार लागतं.

हरणाचं पोट साफ करताना मुलाने बघावं का?

बघावं, हात लावावा, पण त्याच्या कलाने. पहिल्या वेळी पाय धरायला द्या. गरम वाफ, वास, रक्त, हे पाचव्या मिनिटाला सवयीचं होतं आणि मग प्रश्न सुरू होतात. गोळी कुठून गेली ते फुप्फुसात दाखवा. चार कप्प्यांचं पोट उघडून आत मका आहे की ओकची फळं ते बघा, म्हणजे पुढच्या वर्षी कुठे बसायचं ते कळतं. जबडा उघडून दात दाखवा. खालच्या दाढांत तिसरी दाढ तीन भागांची असेल तर ते दुधाचे दात, हरीण साधारण दीड वर्षाच्या आतलं. दोन भागांची असेल तर त्याहून मोठं. माझ्या मुलीची जीवशास्त्राची गोडी या जबड्यापासून सुरू झाली असं मी मानतो.

नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करायची असते, फोनवरून किंवा ऑनलाइन. ते काम मुलाला द्या.

मांस खायला सुरक्षित आहे ना? घरात लहान बाळही आहे.

दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे सीडब्ल्यूडी, हरणांच्या मेंदूचा असाध्य रोग. तो २००२ साली राजधानी मॅडिसनच्या पश्चिमेला सापडला आणि पसरत गेलाय. माणसाला झाल्याची एकही सिद्ध नोंद नाही, पण रोग निघालेल्या हरणाचं मांस खाऊ नये असा आरोग्य खात्यांचा सल्ला आहे. डीएनआर फुकट तपासणी करतं. ठरलेल्या पेटीत डोकं नेऊन ठेवायचं, चिठ्ठी बांधायची, निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये नाव आणि तारीख घालून वेगळं ठेवायचं. एकदा आमचं एक हरीण रोगी निघालं. सगळं मांस टाकलं. मुलांना वाईट वाटलं, मलाही.

दुसरी गोष्ट शिशाची, आणि तिच्याकडे लोक दुर्लक्ष करतात. शिशाची गोळी फुटली की डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून बरेच लांब मांसात जातात. घरात सहा वर्षांच्या आतलं मूल किंवा गरोदर बाई असेल तर तांब्याच्या गोळ्याच वापरा. थोड्या महाग पडतात. घरात कुणीही असो, वापरा.

रांधायचं कसं? बोकडासारखं करून बघितलं, चामड्यासारखं झालं.

कारण त्यात चरबी नाही, आणि जी आहे ती काढून टाकायला हवी. हरणाची चरबी मेणासारखी टाळूला चिकटते. चरबी आणि मांसावरचा पांढरट चिवट पडदा पातळ सुरीने सोलून काढा, निम्मा उग्र वास तिथेच जातो.

पाठीच्या कण्यालगतच्या दोन लांब पट्ट्यांचा रस्सा करू नका, माझी विनंती आहे. तव्यावर तूप, हळद-मीठ-लसूण, दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिनिटं, आतून गुलाबी, बस. खांदा, मान आणि नडगी मात्र रस्स्यासाठीच. आलं-लसूण आणि कच्च्या पपईचं वाटण लावून रात्रभर ठेवा, कांदा-लसूण मसाला, भाजलेलं सुकं खोबरं, तेल नेहमीपेक्षा दीडपट. कुकरला तीन शिट्ट्या आणि मग मंद आचेवर पाऊण तास. नडगीचं हाड आत असू द्या. मांडीचा खिमा मुलांना सर्वांत आवडतो, मटार घालून, पावासोबत.

पहिल्या हरणाचा पहिला घास मारणाऱ्याला, आणि वाढायचं कामही त्यालाच. आमच्या मुलीने तेव्हा शेजारच्या आजोबांकडे डबा नेऊन दिला होता. त्यांनी दुसऱ्या दिवशी मसाल्याचं नाव विचारलं. फ्रीझर भरला असेल तर २००० पासून राज्यात मांसदानाची योजना आहे, हरीण ठरलेल्या कसायाकडे दिलं की मांस गरजूंच्या अन्नकेंद्रांत जातं.

आजी माळकरी आहेत, सहा महिने राहायला आल्यात. लपवायचं का?

माझ्या सासूबाई माळकरी. आम्ही लपवलं नाही. त्यांची भांडी आणि फ्रीजचा खण वेगळा केला, हंगामाच्या आठवड्यात कापाकापी शेजाऱ्यांच्या गोठ्यात केली. मुलीने स्वतः जाऊन त्यांना सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग विचारलं, "तडफडलं का गं?" मुलगी म्हणाली, "नाही आजी, लगेच गेलं." त्यांनी देवापुढे हात जोडले. त्यांना पटलं असं मी म्हणणार नाही, पटायची गरजही नव्हती. नातीने खरं सांगितलं याचं त्यांना समाधान होतं, आणि त्यांना हे आवडत नाही याचा मान नातीने ठेवला. पुढच्या वर्षी त्यांनीच लाडू बांधून दिले.

दोन हंगाम रिकाम्या हाताने आलो. मूल कंटाळलं. ओढ कशी टिकवायची?

नऊ दिवसांची शिकार मुलाला वर्षभर धरून ठेवू शकत नाही, त्यासाठी वर्षभराचं रान लागतं. मार्चमध्ये बर्फ वितळलं की गळलेली शिंगं शोधायला जा. नर हिवाळ्यात शिंगं टाकतात, ती उचलायला परवाना लागत नाही, फक्त कवटीला जोडलेली असतील तर आधी विचारावं लागतं. मुलांना हे खजिना शोधण्यासारखं वाटतं. मेच्या शेवटी पाडसं. दिसलं तर लांबून बघायचं, हात लावायचा नाही, आई जवळच असते. उन्हाळ्यात झाडाला कॅमेरा बांधा आणि दर रविवारी फोटो बघा. मखमल चढलेली शिंगं आठवड्याला किती वाढतात हे मुलगा पेन्सिलीने मोजायचा. सप्टेंबरात खारींची, पुढे सशांची शिकार, त्यात हालचाल असते, बोलता येतं, आणि नेम सुधारतो.

बाराबूजवळ आल्डो लिओपोल्डची झोपडी आहे, तिथे एकदा न्याच. १९३३ पासून ते मॅडिसनच्या विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापन शिकवायचे, स्वतः शिकारी होते. १९३५ साली त्यांनी उजाड झालेली जमीन घेतली आणि आपल्या पाच मुलांना घेऊन तिथे हजारो झाडं लावली. त्या पाइनच्या सावलीत उभं राहिल्यावर माझ्या मुलाने विचारलं, आपण कुठे लावायची? त्या वसंतात आम्ही शेजाऱ्यांच्या बांधावर चाळीस ओक लावले. बावीस जगले.

एल्क, अस्वल यांचं काय?

एल्क इथे १९९५ साली मिशिगनहून २५ आणून पुन्हा सोडले. पहिली शिकार २०१८ मध्ये झाली, परवाने फक्त दहा, त्यांतले पाच इथल्या मूळनिवासी ओजिब्वे जमातींचे. तेव्हा एल्क बघायला न्या. राज्याच्या उत्तरेकडे क्लॅम लेकच्या बाजूला सप्टेंबरात पहाटे नराची शिट्टी ऐकू येते. अस्वलाच्या परवान्याला बऱ्याच विभागांत अनेक वर्षं रांग आहे. मुलासाठी ते पहिलं जनावर नव्हे.

फोटो काढावा का? गावाकडच्या ग्रुपवर टाकला तर?

काढा. आधी जीभ आत घाला, रक्त पुसा, पाय दुमडून नीट बसवा, मुलाला मागे गुडघ्यावर बसवा. तो फोटो मुलाचा आहे, ज्याला दाखवायचा त्याला ते दाखवेल. गावच्या ग्रुपवर न विचारता टाकू नका. तिथल्या माणसाला हंगाम, परवाना, नारिंगी जाकीट यातलं काही माहीत नसतं, त्याला फक्त मेलेलं हरीण आणि पोरगी दिसते. माझ्या मुलीचा फोटो एका नातेवाइकाने असाच पुढे पाठवला, आणि तिने तेराव्या वर्षी अनोळखी माणसांच्या शिव्या वाचल्या.

शिंगं भारतात नेता येतील का?

नेऊ नका. शिंगं, कातडं, सुकवलेलं मांस, काहीच नाही. विमानतळावर मुलांसमोर बॅग उघडून उभं राहायची वेळ येईल. आमची भिंतीवर आहेत, आणि मुलीच्या पहिल्या मादीचा खालचा जबडा तिच्या टेबलावर, पेन ठेवायला.